उसाचे वाटेकरी

एक टन ऊस गव्हाणीत पडला की त्याचे पुढे काय होते, हे साखर कारखान्यातला शिपाईसुद्धा तोंडपाठ सांगेल. ११० ते १२० किलो साखर, २८० ते ३०० किलो बगॅस (म्हणजे चिपाड), ४० ते ४५ किलो मळी, ३५-४० किलो प्रेसमड (रस गाळताना उरलेला गाळ) आणि बाकी सगळे पाणी. हा आमच्या सांगली-कोल्हापूरकडचा हिशेब. उताऱ्याच्या बाबतीत आम्ही जरा ताठ मानेने बोलतो, तेवढे चालवून घ्यावे. यातल्या पहिल्या आकड्याला कारखान्यात सगळा मान. रोज सकाळी फलकावर रिकव्हरी, म्हणजे साखरेचा उतारा, लिहिली जायची आणि चेअरमनपासून काट्यावरच्या पोरापर्यंत सगळे तीच विचारायचे. बाकीच्या आकड्यांशी गाठ पडली ती माझी, कारण मी डिस्टिलरीचा केमिस्ट.

बी.एस्सी. झाल्यावर मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अल्कोहोल टेक्नॉलॉजी शिकलो आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका सहकारी कारखान्यात चिकटलो. आताची ट्रेनी पोरे ‘बायोइकॉनॉमी’ हा शब्द सहज वापरतात. केंद्राने २०२४ च्या ऑगस्टमध्ये ‘बायोई३’ धोरण मंजूर केले, देशाची जैव-अर्थव्यवस्था त्या वर्षी १६५ अब्ज डॉलरवर गेली, २०३० पर्यंत ती ३०० अब्जांवर न्यायची आहे, हे त्यांना पाठ असते. अब्जांमध्ये मला गती नाही. मी एका टनाबद्दल बोलू शकतो.

मी लागलो तेव्हा मळीला कोणी वाली नव्हता. तिच्यावर सरकारचे नियंत्रण होते, भाव ठरलेला आणि तोही नाममात्र. टाक्या भरल्या की उरलेली मळी कच्च्या खड्ड्यांत सोडत. उन्हाळ्यात ती फसफसायची आणि माश्यांचे राज्य व्हायचे. १९९३ साली केंद्राने नियंत्रण उठवले आणि बघता बघता त्या खड्ड्यातल्या चिखलाला टेंडर निघू लागली. मळी तीच होती. बदलला होता फक्त कागद. पुढे नोकरीत हे मी इतक्या वेळा पाहिले की कारखान्यातल्या कुठल्याही गोष्टीला ‘टाकाऊ’ म्हणायची सवयच गेली. टाकाऊ की टिकाऊ, हे बॉयलर ठरवत नाही, फर्मेंटरही ठरवत नाही. ते दिल्लीत ठरते.

डिस्टिलरीला गावात ‘दारूचा कारखाना’च म्हणत. माझ्या सोयरिकीच्या बोलण्यात वडिलांनी ‘मुलगा केमिकल विभागात आहे’ एवढेच सांगितले होते. सासऱ्यांना खरे कळले ते साखरपुड्यानंतर. काम म्हणाल तर निम्मे कीटकांच्या पालनपोषणासारखे. मळी पातळ करायची, तिच्यात यीस्ट वाढवायचे आणि मग त्याच्या तब्येतीला जपायचे. ३२-३३ अंश तापमान असले की यीस्ट खूश. पारा ३५ च्या वर चढला की ते रुसते. म्हणून एप्रिल-मेमध्ये आमचा जीव कूलिंगच्या पाण्यात अडकलेला. यीस्ट साखर खाते आणि निम्म्याहून किंचित जास्त वजनाचे अल्कोहोल देते. उरलेला जवळजवळ निम्मा भाग कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. दिवसाला ३० हजार लिटर अल्कोहोल काढणाऱ्या आमच्या डिस्टिलरीतून असा २२ टनांच्या पुढे वायू रोज आभाळात जायचा. आता तो कोंडून, धुऊन शीतपेयवाल्यांना आणि ड्राय आइसवाल्यांना विकणारे कारखाने आहेत.

त्या काळात डिस्टिलरीच्या आवारातच उत्पादन शुल्क खात्याचा निरीक्षक बसायचा. स्पिरिटच्या गोदामाला दोन कुलपे. एक किल्ली त्याच्याकडे, दुसरी आमच्याकडे. रिसीव्हरमधला थेंब अन् थेंब मोजला जाई, रजिस्टरवर सह्या होत, दोन लिटरांचा फरक निघाला तरी खुलासा मागवत. आणि ते अल्कोहोल जिथे वेगळे होई त्याच कॉलमच्या तळातून, एका लिटर अल्कोहोलमागे दहा-बारा लिटर, उकळते काळे पाणी चोवीस तास बाहेर पडत असे. ते मोजायला साधे मीटरही नव्हते. अल्कोहोलवर कर होता म्हणून त्याला दोन कुलपे. या पाण्यावर कर नव्हता, त्यामुळे ते गावाचे.

आम्ही त्याला स्पेंटवॉश म्हणायचो, लोक मळीचे पाणी म्हणत. त्याचा बीओडी, म्हणजे ते कुजताना पाण्यातला प्राणवायू किती खाईल त्याचे माप, लिटरला ४५ हजार मिलिग्रॅमच्या घरात. नदीत सोडायच्या पाण्याला परवानगी आहे ३० मिलिग्रॅमची. एक माणूस दिवसभरात जेवढी घाण सांडपाण्यात सोडतो, तेवढी एका लिटर स्पेंटवॉशमध्ये असते, असे ढोबळ गणित मी पोरांना सांगतो. आमची ३० हजार लिटरची डिस्टिलरी रोज साडेतीन लाख लिटरांहून जास्त स्पेंटवॉश काढायची. म्हणजे घाणीच्या हिशेबाने साडेतीन लाख वस्तीचे एक शहरच ओढ्याकाठी बसवलेले. ते पाणी मातीच्या तळ्यांत साठवत. तळी पाझरायची. पलीकडच्या मळ्यातले एक आबा एकदा स्टीलचा तांब्या भरून ऑफिसात आले आणि टेबलावर ठेवून म्हणाले, “साहेब, हिरीचं पाणी च्यासारखं झालंय. दूध तेवढं कारखान्यानं द्यावं.” सगळे हसले. आबा हसले नाहीत.

पण त्या काळ्या पाण्यात आणखी एक गोष्ट होती, आणि माझ्या नोकरीची बरीच वर्षे तिच्याच मागे गेली. पालाश.

ऊस जमिनीतून पालाश भरपूर उचलतो. साखरेत त्यातले काहीच जात नाही. साखर म्हणजे कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन, म्हणजे हवा, पाणी आणि ऊन. शेतातून आलेला पालाश रसातून मळीत उतरतो. यीस्टला तो फारसा लागत नाही, अल्कोहोलबरोबर तो वर चढत नाही. मग तो गोळा होतो स्पेंटवॉशमध्ये, लिटरला साधारण १० ग्रॅम. एके रात्री शिफ्टमध्ये बसून मी हिशेब मांडला. दिवसाचे ३,६०० किलो पालाश. पोत्यातल्या म्युरिएट ऑफ पोटॅशमध्ये पालाश ६० टक्के असतो, म्हणजे ६ टन खत, ५० किलोची १२० पोती. रोज. आणि भारतात म्युरिएट ऑफ पोटॅश जवळजवळ सगळे बाहेरून येते – कॅनडा, रशिया, बेलारूस, जॉर्डन, इस्रायल. आमच्या सभासदाच्या रानातला पालाश ऊस बनून कारखान्यात येत होता, ओढ्याने कृष्णेला जात होता, आणि त्याची भरपाई म्हणून तोच सभासद सोसायटीतून बेलारूसचे पोते उचलत होता. साखरेचा धंदा हवा-पाण्याचा आहे असे आपण म्हणू शकलो असतो, जर हा पालाश परत रानात गेला असता तर. तो जाईपर्यंत आम्ही खाणवालेच.

स्पेंटवॉशच्या मागे लागून आम्ही बरेच काही केले. आधी बायोगॅस. मोठा डायजेस्टर बांधला आणि तो सुरू करायला गावोगावचे शेण ट्रॉल्या भरभरून आणले. एवढ्या कोटीचे यंत्र शेणावर सुरू होते हे पाहून संचालक मंडळातल्या जुन्या लोकांना फार समाधान वाटले. डायजेस्टरमधले जिवाणू यीस्टपेक्षाही नाजूक. आम्लता जरा वाढली की महिनाभराची मेहनत पाण्यात. पण एकदा बसले की एका घनमीटर स्पेंटवॉशमधून तीसेक घनमीटर गॅस. तो बॉयलरला गेला आणि तेवढा बगॅस वाचला. गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड असतो, लोखंडाचे पाइप तो आतून खातो. मेंटेनन्सवाल्यांनी माझे नाव घेऊन जे काही म्हटले असेल ते मी ऐकले नाही. मात्र गॅस काढल्यावरही पाणी काळेच. निम्म्याहून जास्त घाण जाते, रंग जात नाही, पालाश तर तसूभर हलत नाही.

मग कंपोस्ट. २००३ साली डिस्टिलऱ्यांनी आपला स्पेंटवॉश नदी-ओढ्यात अजिबात सोडायचा नाही असे ठरले आणि जिकडे तिकडे कंपोस्टची यार्डे उभी राहिली. प्रेसमडच्या लांबच लांब ओळी घालायच्या, त्यांच्यावर स्पेंटवॉश फवारायचा, एरोटिलर नावाच्या यंत्राने ओळी उलथत राहायच्या. दीड-दोन महिन्यांत काळेभोर, मातीच्या वासाचे खत. माझ्या मते कारखान्याने आजवर केलेल्या उद्योगांपैकी हा सर्वांत शहाणपणाचा. उसातला स्फुरद प्रेसमडमध्ये, पालाश स्पेंटवॉशमध्ये. दोन्ही एकत्र होऊन त्याच टापूतल्या रानात परत. विहिरीवाल्या आबांनीसुद्धा चार ट्रॉल्या नेल्या, अर्थात पैसे न देता. अडचण पावसाची. पावसाळ्यात यार्डात काम करता येत नाही, म्हणून कंपोस्टवाल्या डिस्टिलरीला वर्षात २७० दिवसच चालवायची मुभा. वर्षभर डिस्टिलरी चालवायची असेल तर दुसरा उपाय शोधणे भाग होते.

तो उपाय म्हणजे आटवणे आणि जाळणे. स्पेंटवॉश इव्हॅपोरेटरमध्ये दाट काकवीसारखा करायचा आणि बगॅस किंवा कोळशाबरोबर खास बॉयलरमध्ये जाळायचा. थेंबभर पाणी बाहेर नाही, वाफ मिळते, वीज मिळते, आणि मागे राहते पालाशाने भरलेली राख. ती राख पाइपांवर दगडासारखी बसते, बॉयलर मधूनमधून बंद करून खरवडावी लागते. प्रदूषण मंडळाच्या ऑनलाइन मीटरवर मात्र सगळे शून्य. २०२१ मध्ये मळीपासून मिळालेल्या या पालाशाला केंद्राने खतांच्या अनुदान यादीत घेतले, किमान १४.५ टक्के पालाश असण्याच्या अटीवर. आणि आमच्या आवारात पडून असलेल्या राखेच्या ढिगाभोवती खत कंपन्यांचे लोक फिरू लागले. मळीच्या खड्ड्यांचीच गोष्ट पुन्हा. पण कंपोस्ट आणि राख यांत एक फरक आहे. कंपोस्टमध्ये सेंद्रिय कर्ब होता, राखेत तो धुराड्यातून गेला. आणि कंपोस्ट ट्रॉलीने शेजारच्या रानात जायचे. राख ट्रकने जाते, दाणेदार होते, पोत्यात भरते आणि ज्याला परवडेल त्याच्या रानात पडते. सभासदाला ती भावानेच घ्यावी लागते. बेलारूसपेक्षा हे बरे, हे मी मान्य करतो.

इथेनॉलचा काळ आला तो २०१८ मध्ये. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचा कार्यक्रम जुना, २००३ चा; पण २०१३-१४ मध्येसुद्धा मिश्रण दीड टक्क्याच्या आसपास रखडलेले. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने बी-हेवी मळी (म्हणजे थोडी साखर मुद्दाम शिल्लक ठेवलेली) आणि थेट रसापासून इथेनॉल करायला वाट मोकळी केली आणि सरकारने प्रत्येकाचा वेगळा भाव बांधून दिला: नेहमीच्या सी-हेवी मळीच्या इथेनॉलला ४३ रुपये ४६ पैसे, बी-हेवीला ५२ रुपये ४३ पैसे, रसाच्या इथेनॉलला ५९ रुपयांच्या वर. म्हणजे साखर कमी काढली तरी चालेल असे इतिहासात पहिल्यांदाच कोणी आम्हाला सांगत होते. सी-हेवी मळीच्या एका टनातून २२०-२३० लिटर इथेनॉल निघते, बी-हेवीतून ३०० च्या पुढे. फलकावरची रिकव्हरी घसरली आणि तिच्याखाली कोणीतरी खडूने ‘बी-हेवी धरून’ असे कंसात लिहायला लागले. फलकाचा मान गेला. संचालक डिस्टिलरीत चहाला येऊ लागले. सासरे हयात असते तर त्यांनाही जावई अभिमानाने दाखवता आला असता.

इथेनॉलची बाजू मी मनापासून घेतो, कारण गळीत सुरू झाल्यावर पैशासाठी कारखान्याची होणारी तगमग मी आतून पाहिली आहे. ऊस कारखान्यात आल्यापासून चौदा दिवसांत बिल द्यायचे असा १९६६ पासूनचा कायदा, आणि साखर विकायला वर्ष लागते. बँकेकडे पोती तारण ठेवून, व्याज भरून बिले द्यायची. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून तीनेक आठवड्यांत येतात. आमच्या भागात एफआरपीसाठी, म्हणजे उसाच्या रास्त आणि किफायतशीर दरासाठी, रस्त्यावर टायर जळायचे ते कमी झाले, यात शेतकरी संघटनांचा वाटा आहे तसा इथेनॉलचाही आहे. जून २०२२ मध्ये देश १० टक्के मिश्रणाला पोचला, २०२५ मध्ये २० टक्क्यांना. हे काम झाले आणि ते डिस्टिलऱ्यांच्या शिफ्टमध्ये झाले, याचे मला कौतुक आहे.

आणि तरीही. ७ डिसेंबर २०२३, हंगाम भरात, आणि संध्याकाळी व्हॉट्सॲपवर आदेश येऊन पडला: उसाच्या रसापासून आणि सिरपपासून इथेनॉल बंद. पाऊस कमी झाला होता, महाराष्ट्र-कर्नाटकात ऊस कमी होता, साखर महागली तर निवडणुकीच्या तोंडावर अडचण. आठवडाभराने आदेश थोडा सैल झाला, सगळ्या देशात मिळून १७ लाख टन साखरेइतकेच वळवायचे अशी मर्यादा आली. ज्यांनी कर्ज काढून खास सिरपवर चालणारे प्लांट उभे केले होते, त्यांचे कॉलम थंड पडले. पुढच्या हंगामासाठी बंदी उठली, पण तोवर रिकामी जागा मक्याने घेतली होती. मक्याचे इथेनॉल वाढले तसा मका महाग झाला. कोंबडीवाले ओरडू लागले. मका निर्यात करणारा देश म्यानमारमधून मका आणू लागला. मक्यातून इथेनॉल काढल्यावर जी पेंड उरते, ती डीडीजीएस, स्वस्तात पशुखाद्यात शिरली आणि सोयाबीन पेंडीची मागणी तेवढी घटली. २०२४-२५ मध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीन हमीभावाच्या, तेव्हाच्या ४,८९२ रुपयांच्या, खाली का विकले गेले याची अनेक कारणे आहेत. त्यातले एक आमच्यासारख्याच डिस्टिलरीच्या मागच्या दाराने बाहेर पडते.

इंधन झाडापासून काढले की ते आपोआप पुण्यवान होते अशी एक समजूत आहे, ती मला पटत नाही. कच्च्या तेलाच्या विहिरीवर आधी कोणाचा हक्क नसतो. उसाच्या प्रत्येक कांड्यावर असतो. बगॅसचेच घ्या. जुन्या कारखान्यांचे २१ किलो दाबाचे बॉयलर मुद्दामच उधळे ठेवलेले असत, कारण उरलेला बगॅस ठेवायचा कुठे हा प्रश्न. नंतर कागद गिरण्या तो मागू लागल्या. मग ८७ आणि ११० किलो दाबाचे बॉयलर आले, सहवीज आली, आणि कागदवाल्यांना बगॅस मिळेना. मग विजेचे दर उतरले, आणि चित्र पुन्हा फिरले.

पाचटाचे तसेच. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघते. शेतकरी ते पेटवून द्यायचे. ‘पाचट जाळू नका, खोडव्यात कुजवा’ म्हणून कृषी खात्याने वर्षानुवर्षे सभा घेतल्या, आमच्या ऊस विकास विभागाने कुट्टी यंत्रे फिरवली. त्या कुजलेल्या पाचटाखाली ओल टिकते, गांडुळे येतात. लोक कुठे पाचट ठेवायला लागले होते, तोवर गाठी बांधणारी यंत्रे घेऊन बॉयलरवाले बांधावर हजर. आता एकाच कारखान्याचे दोन विभाग एकाच शेतकऱ्याला दोन वेगळ्या गोष्टी सांगतात.

आणि वाढे. उसाच्या शेंड्याचा हा हिरवा भाग कुठल्याच तक्त्यात येत नाही. बीड, नगर, जतकडून आलेल्या ऊसतोड टोळीतल्या बाया तोडता तोडता वाढ्याच्या पेंढ्या बांधतात. काही आपल्या बैलांना आणि उरलेल्या संध्याकाळी गावात विकायच्या. दुभत्या जनावरांना हिरवा चारा मिळतो आणि त्या बाईच्या हातात मीठ-मिरचीचे, पोराच्या औषधाचे रोख पैसे येतात. उचलीच्या हिशेबात, मुकादमाच्या वहीत न जाणारे. मला विचाराल तर कारखान्याच्या परिसरातली सगळ्यांत नीट चाललेली जैव-अर्थव्यवस्था हीच. तिला अनुदान नाही, धोरण नाही, आणि काहीच वाया जात नाही. आता टोळ्या मिळत नाहीत म्हणून हार्वेस्टर वाढताहेत. हार्वेस्टर शेंडा उडवून, पाला फुंकून रानात पसरतो. पेंढी बांधायला काही उरत नाही. कोयत्याखाली वाकलेले आयुष्य कोणाच्याही वाट्याला येऊ नये, त्यामुळे यंत्र नको असे मी म्हणणार नाही. पण प्रकल्प अहवालात ‘हार्वेस्टरमुळे वाचणारा खर्च’ असा रकाना असतो, त्यात वाढे कोणाचे गेले हे लिहायला जागा नसते.

सगळ्यांत मोठा रकाना पाण्याचा. राज्याच्या लागवडीखालच्या क्षेत्रात ऊस चार टक्क्यांहून कमी आणि सिंचनाच्या पाण्यातला त्याचा वाटा ७० टक्क्यांच्या आसपास, असे कृषी मूल्य आयोगानेच लिहून ठेवले आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात उसाच्या एका लिटर इथेनॉलमागे २,८६० लिटर पाण्याचा हिशेब आहे. आमच्या डिस्टिलरीत आम्ही लिटरमागे दोन-चार लिटर पाणी वाचवले की पाणी बचतीची ढाल मिळायची. ती ढाल अजून ऑफिसात आहे. दोन-चार लिटर कुठे आणि २,८६० कुठे? खरी बचत रानात, ठिबकवर आहे, आणि ती डिस्टिलरीच्या कुठल्याच मीटरवर दिसत नाही. वर, वाचलेल्या पाण्यावर शेतकरी आणखी अर्धा एकर ऊस लावतो. त्याला दोष कसा देणार? हमखास बिल देणारे दुसरे पीक आपण त्याला दिलेले नाही.

सध्या आमच्याकडे प्रेसमडपासून सीबीजी, म्हणजे दाबलेला बायोगॅस, करायचा प्रस्ताव आहे. केंद्राची ‘सतत’ योजना २०१८ पासून आहे, तेल कंपन्या गॅस घ्यायला तयार आहेत. साधारण २५ टन प्रेसमडमधून एक टन गॅस. प्रेसमड आतापर्यंत सभासद ट्रॉलीने नेत होते, काही ठिकाणी फुकट. आता त्याचा भाव निघाला आहे आणि बाहेरची कंपनी पूर्ण हंगामाचा करार मागते आहे. निवृत्तीनंतरही मला सल्ल्याला बोलावतात, म्हणून मी माझे मत लेखी दिले. गॅस जरूर काढावा. गॅसमध्ये जातो तो कार्बन आणि हायड्रोजन. नत्र, स्फुरद, पालाश सगळे मागच्या गाळात राहते. म्हणजे बायोगॅस हा असा एकच उद्योग आहे ज्यात इंधन काढूनही रानाचा वाटा शाबूत राहू शकतो. फक्त करारात दोन ओळी हव्यात: तो गाळ कंपनीचा नव्हे, सभासदांचा, आणि ज्याने जेवढा ऊस घातला, त्याला त्या प्रमाणात तो मिळावा. अशा आंबवलेल्या सेंद्रिय खताला केंद्र टनाला १,५०० रुपये साहाय्य देते, ते वाहतुकीला लावावे.

मंडळाच्या बैठकीत यावर तासभर खल झाला. कंपनीच्या माणसाचे म्हणणे, गाळ आम्ही पोत्यात भरून आमच्या ब्रँडने विकू, तेच परवडते. एक संचालक म्हणाले, सभासदाला प्रमाणात द्यायचे तर त्याची नोंद कोण ठेवणार? ऊस कोणाचा किती आला हे किलोपर्यंत नोंदवणारा काटा याच कारखान्यात आहे, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिले. खरा अडसर ओल्या गाळाच्या वाहतुकीचा निघाला. पंधरा-वीस किलोमीटरच्या पुढे ट्रॉलीचे भाडे खताच्या किमतीला गाठते आणि आमचे सभासद चाळीस किलोमीटरवरही आहेत. गाळ दाबून वाळवला तर वजन घटते, पण वाळवायला वाफ लागते आणि वाफ म्हणजे बगॅस. शेवटी उसाच्या रिकाम्या परतणाऱ्या ट्रॅक्टरांमधून गाळ पाठवता येईल का, याचा गटवार खर्च काढून आणायला शेती अधिकाऱ्यांना सांगितले आहे. ट्रॅक्टरवाले ट्रॉली धुऊन देण्याचे वेगळे पैसे मागताहेत.